दुसऱ्या पानावरची दुरुस्ती

४ ऑगस्ट
मोबाइलवरची पत्रकारिता शिकवायला कोण? तर मी! छापील पेपरात बत्तीस वर्षं काढलेली बाई. वर्गात विचारलं, सकाळी पेपर कोण वाचतं? एकही हात वर नाही. एकीने बराच विचार करून सांगितलं, मॅडम, आमच्याकडे खिडक्या पुसायला घेतात. ही पोरगी श्वास न घेता बोलते, टाइपही तसंच करते. मी तिचं नाव घाईबाई ठेवलंय.

९ ऑगस्ट
आज एकच गोष्ट घोटवून घेतली. वेबसाइटवरची चूक गुपचूप बदलायची नाही. बातमीच्या वर दुरुस्ती लिहायची, काय चुकलं होतं तेही. घाईबाई म्हणाली, नुसतं बदललं तर कुणाला कळणारे? मी तापलेच. मग तिचा चेहरा बघून विरघळले. लबाड आहे, पण गोड आहे कार्टी.

१६ ऑगस्ट
आमच्या पेपरचे जुने अंक स्कॅन करून वर्गाच्या वेबसाइटवर चढवतायत मुलं. माझ्या बातम्या वाचून खी-खी चालू असते.

२१ ऑगस्ट
सगळे गेल्यावर घाईबाई थांबली. स्क्रीनवर माझी तीस वर्षांपूर्वीची बातमी — हॉस्पिटलची लिफ्ट अडकली, आत पाच पेशंट, लिफ्टमन जागेवर नव्हता. खाली त्याचं नाव. शेजारच्या फोटोत लिफ्टमधून शेवटी बाहेर येणारा माणूस गणवेशात.

"मॅडम, हा कोण?"

लिफ्टमनच. पेशंटना धीर देत आत अडकलेला. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. संपादक म्हणाले, जाऊ दे, कोण लक्षात ठेवतंय. मी नवी होते, गप्प बसले. चौकशीत तो सुटला, नोकरीही राहिली. पण पेपरात छापलेलं तसंच राहिलं.

"पुढचे तीन महिने बघितले मी," ती म्हणाली. "दुरुस्ती नाही सापडली." पहिल्यांदाच हळू बोलली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

२२ ऑगस्ट
यांना सगळं सांगितलं. चहा ढवळत म्हणाले, मग लिही की आता.

२३ ऑगस्ट
लिहिली. वेबसाइटवर, माझ्या नावानिशी. जुन्या ऑफिसलाही गळ घातली — उद्या छापतायत. वर्गात उभं राहून वाचून दाखवली. घाईबाईने पाण्याची बाटली पुढे सरकवली. इतकी माया आली तिची!

२४ ऑगस्ट
तिनेच पत्ता शोधला. दोघी गेलो. लिफ्टमन आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आजचा अंक मांडीवरच होता. मी माफी मागितली. "वाचलं," म्हणाले. मग घाईबाईची चौकशी करत बसले, सुनेला चहा टाकायला सांगितलं. कोपऱ्यात आमच्या पेपरची हीऽ थप्पी! तीस वर्षांत एक दिवस बंद केला नाही म्हणे. परतताना मी घाईबाईला ऐकवलंच — बघ, छापील पेपरला असे वाचक असतात!

२६ ऑगस्ट
त्यांच्या सुनेचा फोन आला होता. सासरे इतकी वर्षं रोज फक्त दुसऱ्या पानावरचा दुरुस्तीचा कोपरा बघायचे. आज सकाळी पेपरवाल्याला त्यांनी सांगितलं, उद्यापासून टाकू नकोस.