लाल माशाचं शिळं पाणी

करमान, २ बहमन

ती. इरजदादास,
फरंगीसचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले कुलूचे पोचले. अर्ध्या बिस्किटांचा वाटेत चुरा झाला, तो मी खाल्ला. धड होती ती मन्सूर आणि पर्वानेनं. लग्नाला चार महिने झाले, दादा, तरी पोर मला अजून ‘खानम’च म्हणते. खानम, मीठ द्या. खानम, दार लावून घ्या. वय दहा, पण बोलणं परक्या बाईशी बोलावं तसं.

स्वयंपाकघरात गोल भांड्यात एक लाल मासा आहे. तिच्या आईनं, मेहरीनं, गेल्याच्या गेल्या नौरोजच्या मांडणीसाठी आणलेला. सणाच्या तेराव्या दिवशी सगळे आपापला मासा ओढ्यात सोडतात, पर्वानेनं सोडू दिला नाही. त्याच उन्हाळ्यात मेहरी गेली. तेव्हापासून त्या भांड्याला कोणी हात लावत नाही.

मन्सूरनी चाळीस लिटरची काचेची टाकी आणलीय, नौरोजला पोरीला द्यायला. मासे विकण्यात तुझे केस पांढरे झाले, तर सांग: लाल माशासोबत एक फायटर, दोन एंजल, थोडे निऑन आणि गप्पी सोडले तर शोभेल ना? एवढं जमलं तर पोर माझ्याकडे निदान मान वर करून बघेल. मला दुसरं काही नको रे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
फरंगीस


रश्त, १३ बहमन

चि. सौ. फरंगीस हिस,
इरजचे अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचून दुकानात एकटाच हसत बसलो. बाई गं, ही टाकी आहे की वरात? फायटर गप्पींच्या शेपट्या फाडेल. एंजल आज बटणाएवढा, वर्षभरात तळहाताएवढा होऊन निऑन गिळेल. तोंडात मावेल ते पोटात, एवढा एकच कायदा मासे पाळतात. निऑन तर एकटादुकटा भेदरून मरतो, सहा तरी लागतात. पहिलीच वेळ आहे, तर पाच गप्पी घे, सगळे नर. माद्या घेतल्यास तर महिन्यात तुला बाळंतपणं करावी लागतील.

लाल माशाला यांच्यात घालू नकोस. त्याला गार पाणी लागतं, यांना हीटर. शिवाय तो घाण फार करतो, आणि लहान मासा समोर आला तर सोडत नाही. त्याला वेगळाच राहू दे.

आणि घाई नको. टाकी भर, फिल्टर लाव, चिमूटभर खाणं टाकत महिनाभर माशांवाचून तशीच ठेव. पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. लहानपणी तू तिसऱ्या दिवशी बरणी उघडायचीस, म्हणून बजावतो. पोरीच्या बाबतीतही बरणी उघडू नकोस.

खुशाली कळवत जा. या म्हाताऱ्याचा तेवढाच विरंगुळा.

तुझा दादा,
इरज


करमान, २४ इस्फंद

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या तारेला तुझी उलट तार वेळेवर आली, म्हणून निदान हे पत्र लिहू शकते आहे. नौरोजची घरझाडणी काढली होती. गालिचे धुतले, उशा उसवून धुतल्या, पडदे उकळले, भिंती पुसल्या आणि त्याच झपाट्यात ते भांडंही घेतलं. हिरवट पाणी, बुळबुळीत खडे बघून मला राहवेना. साबणानं घासलं, कढत पाण्यानं विसळलं, नळाचं ताजं पाणी भरलं. लख्ख भांडं बघून पोर खूश होईल असं मला वाटलं, बघ. संध्याकाळी मासा आडवा पडला होता.

पर्वाने किंचाळली. म्हणाली, तुम्ही आईची उशी उसवलीत, आईचे पडदे काढलेत, आता तिचा मासाही धुऊन टाकलात.

तारेत म्हणालास तसं केलं. महिनाभर मुरवलेल्या टाकीचा हीटर बंद केला, पाणी गार होऊ दिलं आणि माशाला तिच्यात सोडलं. दोन दिवस तो कडेला पडून होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पोर, मध्ये टाकी. काल तो सरळ पोहायला लागला. एक डोळा पांढुरका झालाय. गप्पी आता आणत नाही, टाकी त्यालाच राहू दे.

पोर आता मला ‘खानम’सुद्धा म्हणत नाही. दादा, मी हरले. नौरोजच्या तेराव्या दिवसानंतर तुझ्याकडे यावं म्हणते. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस.

तुझी,
फरंगीस


करमान, १४ फरवर्दीन

ती. मामांस,
पर्वानेचा सा. न.

खानमच्या डब्यातल्या पाकिटावरून तुमचा पत्ता उतरवून घेतला. हे त्यांना माहीत नाही.

मला एक खरं सांगायचं आहे. तो मासा आईचा नाही. आईचा मासा ती गेल्यावर, शाळा सुरू झाली तेव्हाच मेला. बाबांनी मी शाळेत असताना दुसरा आणून ठेवला. आईच्या माशाच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता, याच्या नाही. बाबांनी कुठून कुठून शोधून आणला असेल, म्हणून मी काही बोलले नाही. म्हणजे खानमवर मी उगाच ओरडले. हे बाबांना सांगता येत नाही आणि खानमनाही सांगता येत नाही. मला फार वाईट वाटतं.

काल सगळे ओढ्यावर मासे सोडत होते. खानमनी शेजारणीकडून एक मागून घेतला, आमचा एकटा आहे म्हणून. पण टाकीत सोडला नाही. वेगळ्या भांड्यात ठेवलाय, एक दिवस शिळं केलेल्या पाण्यात. म्हणाल्या, आधी दादाला विचारते. मग पेटी भरायला गेल्या.

तर मामा, दोन लाल मासे चाळीस लिटरमध्ये राहतील का? नवा आला की जुना त्याला मारतो का? मारत असेल तर किती दिवस मारतो, आणि मग थांबतो का?

खानम उद्याच्या बसनं तुमच्याकडे येतात. त्यांना फार दिवस ठेवून घेऊ नका. विचारलं तर सांगा की टाकीच्या पाण्याची बादली मला एकटीला उचलवत नाही. नाहीतर तसं नको. पर्वाने वाट बघते, असंच सांगा.

मामाच्या बहिणीला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तोंडातून एवढ्यात निघत नाही. पण तुम्हांला मामा लिहायला घेतलं, तर हात थांबला नाही.

उत्तर लवकर पाठवा, दोन्ही मासे थांबलेत.

तुमची भाची,
पर्वाने