घरून बांधून नेलेला प्रश्न

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुमची शिस्त काल इथे अबू धाबीत माझ्या कामी आली. तुमच्या दहावीच्या वर्गात शंका विचारायची तर पुढे येऊन उभं राहायचं आणि इंग्रजीत विचारायचं. मी एकदा आले आणि तोंडच उघडेना. "बस खाली," तुम्ही म्हणालात, "प्रश्न घरून बांधून आणायचा, डब्यासारखा." दुसऱ्या दिवशी जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून केलेली वही तुम्हीच माझ्या हातात ठेवलीत. तिची शेवटची दोन पानं मी आजवर जपली होती.

माझ्या लेकीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळतात त्या बाई वेल्सच्या. त्यांनी मुलींना तिकडच्या गाण्या-कवितांच्या मेळ्याचं नाव शिकवलं, आइस्तेदवोद. अनेक मेळे म्हणजे आइस्तेदवोदाय. इंग्रजीने हा शब्द उचलला, अनेकवचनाला आपला एस लावला, पण मूळचं रूपही टाकलं नाही. शब्दकोशात दोन्ही आहेत. लेकीने परीक्षेत मूळचं लिहिलं आणि इंग्रजीच्या मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली. लेक म्हणते, "लीव्ह इट आई, इट्स जस्ट वन मार्क." हे म्हणतात, "खलास कर ना विषय. आपण इथे पाहुणे." मला मार्काचं काही नव्हतं. बरोबर लिहूनही चूक कबूल करायची सवय पोरीला लागू द्यायची नव्हती.

तीन दिवस सकाळी दिवा लावला की देवासमोर चार इंग्रजी वाक्यं घोकली. काल पालकसभेत सगळे खुर्चीत बसून बोलतायत आणि मी आपली सवयीने पुढे जाऊन उभी. लेक मागून कुजबुजते, "आई, सिट, प्लीज." मॅडमही म्हणतात, "प्लीज सिट डाउन." मी म्हटलं, "फर्स्ट आय विल आस्क, मॅडम. देन आय विल सिट." चारही वाक्यं बोलले आणि ग्रंथालयातून आणलेला शब्दकोश त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यांनी दोनदा वाचलं. मग लेकीचा पेपर ओढून घेतला, रेघेशेजारी बरोबरची खूण केली आणि तिला सॉरी म्हणाल्या. तेव्हा कुठे मी बसले. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "तू काय असेंब्लीला उभी होतीस?" पण माझ्या हातातली पिशवी तिने घेतली.

हे तुमच्याच वहीत लिहिलंय, पान फाडणार नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी वर्गात माझा प्रश्न बांधलेलाच होता. फळ्यावर तुमचं एक उत्तर चुकलं होतं. इतकी वर्षं मी त्या गप्प बसण्याला आदर म्हणत आले. भीती होती ती, बाई.