सात वाजल्यानंतरचा दिवा

३ मार्च, सोमवार
कमिटीचं पत्र आलं. आपली अभ्यासिका तळघरात, खिडकी एकही नाही. लाइट गेली तर लोकांनी जिना कसा शोधायचा, असा फायरवाल्यांचा सवाल. जिन्यावरच्या आणि मधल्या टेबलावरच्या सीएफएलला बॅटरी बॅकअप बसवा. सतरा तारखेला तपासणी. नापास झालात तर अभ्यासिका बंद.
अकरा वर्षं हे तळघर मी सांभाळतोय, आणि मला पत्र पाठवतात! वरच्या मजल्यावरून हाक मारली असती तरी चाललं असतं.
संकल्प: काम स्वतः करणार.

४ मार्च, मंगळवार
घरी विषय काढला ही चूक झाली. ही लगेच म्हणाली, माझा भाऊ कशासाठी आहे? हिचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन. गेल्या वर्षी त्याने आमचा पंखा दुरुस्त केला, तो अजून प्रत्येक जेवणात फिरतो. नाही म्हणजे नाही. दोन वायरी जोडायला मेहुणा कशाला लागतो?

७ मार्च, शुक्रवार
बॅकअपचे दोन डबे आले. सोबत बारा पानी माहितीपत्रक. पहिलं पान वाचलं. सोपं आहे.
दुपारी ३. डबा फक्त चार पिनांच्या सीएफएलला चालतो. आपल्या सगळ्या दोन पिनांच्या. हे पाचव्या पानावर लिहिलंय. महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर छापायला यांचं काय जात होतं?

११ मार्च, मंगळवार
चार पिनांचे दिवे आणि होल्डर आणले. साडेतीन तास शिडीवर. मान अवघडली. एकदा फ्यूज उडाला, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी असा आरडाओरडा केला की जणू त्यांच्या एकटीचीच लाइट गेली. बॅटरी चार्ज करायला डब्यातून एक वेगळी वायर निघते. ती दिव्याच्याच वायरीला, स्विचच्या पुढे जोडून टाकली. एकाच स्विचवर सगळं. सुटसुटीत.
संध्या. ७. वेळ संपली, स्विच बंद केले. चार दिवे गेले आणि माझे दोन पेटलेलेच! जरा मंद, पण पेटलेले. अगदी भरून आलं. म्हणजे आता रोज संध्याकाळी आपोआप चाचणी. ही सोय माहितीपत्रकातसुद्धा नाही.

१२ मार्च, बुधवार
सात वाजता मास्तर उठले नाहीत. निवृत्त शिक्षक, सकाळी नऊला येतात, मधल्या टेबलावर बसतात, सातला मी घालवतो तेव्हा जातात. घरी त्यांच्या खाटेला लागूनच टीव्ही आहे. म्हणाले, दिवा आहे तोवर बसू का? सातनंतर स्विच चालू ठेवायचा नाही असा कमिटीचा नियम, आणि नियम म्हणजे नियम. पण हा दिवा स्विचचा नाही, बॅटरीचा. बॅटरीला नियम नाही. बसा म्हटलं. मीही बसलो, निरीक्षण म्हणून. दीड तास चालला. मास्तरांनी मला एक पान वाचून दाखवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही धड बोललो. बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार
आज पाऊण तासच. हवेचा परिणाम असणार. घरी उशीर झाला म्हणून ही चिडली. म्हटलं, ड्यूटी आहे.

१५ मार्च, शनिवार
मेहुण्याचा हिच्यामार्फत निरोप: दाजींना सांग, चार्जिंगची वायर स्विचच्या आधी घ्या. काम न बघता, फोनवरून! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पोटात दुखतंय त्याच्या. निरोप मिळाला असं कळवलं.
संध्या. आज अर्धाच तास. मास्तरांचा धडा राहिला. म्हणाले, सोमवारी पूर्ण करू.

१६ मार्च, रविवार
सुट्टी. काल निघताना सगळे स्विच बंद केलेत. दिवसभर बॅटरीला विश्रांती. तपासणी सकाळी उघडल्याबरोबरच ठेवा, हे मीच सुचवलंय. ताजीतवानी असेल.

१७ मार्च, सोमवार
सकाळी ९.१०. तपासणीचे साहेब माझ्याआधी हजर. मास्तरही. कुलूप काढलं, दिवे लावले, दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, तोच साहेबांनी मेन स्विच खाली ओढला.
काहीच पेटलं नाही. मंदसुद्धा नाही.
डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. मी कपाटावर आदळलो. मास्तरांना वाट पाठ, त्यांनी साहेबांना हाताला धरून जिन्यापर्यंत नेलं. साहेबांनी वर जाऊन विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात? अकरा म्हटलं. त्यांनी काही लिहिलं. अभ्यासिका बंद.
दोष अर्थातच बॅटरीचा. चांगली विश्रांती देऊनही ही तऱ्हा.

१८ मार्च, मंगळवार
मास्तर बाहेरच्या पायरीवर बसलेत, पिशवी मांडीवर. घरी जा म्हटलं. हो म्हणाले आणि बसून राहिले. वाईट वाटलं. माझ्यामुळे, हेही इथे लिहून ठेवतो. दुसरं कोण वाचणार आहे?
दुपारी मेहुण्याला मीच फोन केला. ही शेजारीच कान देऊन उभी होती.
संध्या. तो आला. दाजी, जरा शिडी धरा म्हणाला. धरली. एक वायर इकडची तिकडे केली, वीस मिनिटं. म्हणे स्विच बंद केला की डब्याला वाटायचं लाइटच गेली. मग रोज संध्याकाळी बॅटरी संपवायचा, रविवारी पार उपाशी. आता रात्रंदिवस चार्ज होईल. चहा घेतला नाही. पंख्याचं विचारून गेला.

२० मार्च, गुरुवार
तपासणी पास. मेन खाली ओढला, दोन्ही दिवे दीड तास पेटले. साहेबांनी सही केली. दाखला दाराशी लावला, जरा वाकडा. अभ्यासिका उघडली. मास्तर पळतच त्यांच्या खुर्चीकडे गेले, म्हणजे त्या वयात जितकं पळता येतं तितकं.
संध्या. ७. स्विच बंद केले. सगळे दिवे गेले. डब्यांवरचे चार्जिंगचे दोन लाल ठिपके तेवढे राहिले. मास्तर उठले नाहीत. पुस्तक उघडंच ठेवून वाट बघत बसले. मीही उभा राहिलो.
जरा वेळाने त्यांनी विचारलं, बिघडलं का?
नाही म्हटलं. दुरुस्त झालं.