अळवाचे पांघरूण

ता. १९ नवंबर १८६३, चिखलदरा. सकाळ.

सिंधू दिवाळीला माहेरी आली आहे. पहिले बाळंतपण, ते इथेच होणार. मी ठरवले आहे. तिची सासू माणिकबाई तिला पोचवून आज अकोल्यास परत निघाल्या. जाताना अंगणातले माझे अळू पाहून म्हणाल्या, ज्या डोंगरावर धोपा थंडीने जळतो तिथे बाळंतीण कशी ठेवावी? (इकडे अळवाला धोपा म्हणतात. अडाणी शब्द.)

मी जागच्या जागी सांगितले, पौषात डोहाळजेवणाला या. याच अंगणातल्या, उघड्यावर वाढलेल्या पानांची वडी तुमच्या ताटात पडली नाही तर सिंधूला खुशाल घेऊन जा.

आमच्या सत्यवतीने कपाळाला हात लावला. बायकोला नवऱ्यावर एवढा तरी भरवसा असावा.

ता. २२ नवंबर

बोललो ते आधार असल्याशिवाय नाही. साहेबलोकांच्या बंगल्यांची देखरेख माझ्याकडे. इंग्रजी कोणा मास्तरापुढे न बसता शिकलो. उन्हाळ्यात मडमसाहेब म्हणाल्या होत्या की विलायतेत हेच अळू 'हत्तीचे कान' म्हणून बागेत उघड्यावर लावतात. आणि विलायतेत तर बर्फ पडते! त्यानंतरही त्या बराच वेळ बोलत होत्या, पण मुद्दा मला कळला होता.

झाडे आठ. सर्वांत मोठे पान अडीच वीत, देठ सोडून.

ता. ३ डिसेंबर. पहाट.

थर्मामीटर पाहिला. (लिलावात घेतला. पारा मधे तुटलेला आहे, अंदाज करावा लागतो.) पानांच्या कडा काळ्या. सत्यवती म्हणते, गड्डे काढून राखेत ठेवा, पावसाळ्यात लावा, माझी आई हेच करायची. तिला समजावले की शब्द पानांचा दिला आहे, गड्ड्यांचा नाही.

इलाज: घोंगडी. माझीच.

ता. ११ डिसेंबर

घोंगडीचा गुण आला. मला पडसे आहे. त्याचे कारण वेगळे.

ता. १८ डिसेंबर

दहिवर गोठून अंगणभर मीठ सांडल्यासारखे. पाच झाडे आडवी. ती गेली असे मी म्हणणार नाही, विश्रांती घेत आहेत. उरलेल्या तिघांवर दोन रजया घातल्या. सत्यवतीने विचारले, मग आपण काय पांघरायचे. उत्तर विचार करून देईन म्हटले.

ता. २७ डिसेंबर

अकोल्याहून छकड्यातून गाठोडे आले. पिंजलेला कापूस. नातवंडाच्या गादीसाठी सासरचाच कापूस हवा, अशी त्यांच्या घरची रीत. यंदा अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याची कळा. अमरावतीत लोक उशा उसवून विकतात म्हणे. आमचे जावई त्याच बाजारात रात्रंदिवस. तरी विहीणबाईंनी अख्खे गाठोडे पाठवले. बाई तोंडाने तिखट, मनाने मोठी. संक्रांत झाली की सत्यवती गादी शिवायला बसणार.

ता. २ जानेवारी १८६४

दोनच झाडे. रजया ओल्या होतात, वाळत नाहीत. दिवसभर विचार केला. बाळ यायचे चैत्रात. अळवाला गरज आज. कापूस नुसता देठांभोवती गुंडाळायचा, मग वाळवून परत गाठोड्यात. कापसाचे काय झिजते?

सिंधू ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "बाबा, मले अकोल्याले जाचं नाही. पन तुमी थोडी लाकडं आनून द्या ना. खोली गरम झाली तं सासूबाई बी काही म्हननार नाही."

लेकरू भाबडे आहे. दिलेला शब्द पानाने पुरा होतो, लाकडाने नाही. तरी लाकडांचे बघू म्हटले.

ता. ८ जानेवारी

कापसाने दव प्यायले. फुगून जड झाला आणि देठ मोडले. आता एक झाड. एक पान. एका पानाच्या वड्या बारीक कापल्या तर चार होतात. विहीणबाई एकट्याच येणार असल्या तर पुरे.

रात्रीसाठी सिंधूने तिची रजई आणून दिली. मी मागितली नव्हती. नको म्हणायला हवे होते. पण तिलाही इथेच राहायचे आहे, ती काही परकी नाही.

ता. १० जानेवारी

सिंधूला खोकला. पान हिरवे आहे.

ता. १३ जानेवारी

विहीणबाई सांगितल्याच्या आधीच आल्या. मी बंगल्यावर होतो, नाहीतर नीट दाखवले असते. आलो तेव्हा त्या अंगणात उभ्या. एकेक रजई उचलत होत्या. खाली त्यांचाच कापूस, काळा पडलेला. आत सिंधू पोत्यावर पोते घेऊन खोकत होती.

मी पान दाखवले. त्यांनी पाहिलेही.

"इवाईबुवा," म्हणाल्या, "बाळंतीन कोन हाय? सिंधू का धोपा?"

ता. १४ जानेवारी

डोहाळजेवण झाले. वडी केली. त्यांनी ताटातली खाल्ली, चांगली झाली म्हणाल्या, हात धुतला आणि सिंधूचे कपडे बांधायला सांगितले. वास्तविक मी शब्द पुरा केला आहे. हे मी बोलून दाखवले. कोणी ऐकले नाही. सिंधू छकड्यात बसताना माझ्याकडे बघत होती, की मी आणखी काही बोलेन.

मी छकड्याची दोरी घट्ट आहे का ते पाहिले.

ता. २ फेब्रुवारी

लाकडे आणली. दोन गाड्या. खोली इतकी गरम होते की सत्यवती बाहेर जाऊन बसते.

एक साहेब आले होते. त्यांना विचारले. विलायतेत थंडी आली की अळू उपटून घरात ठेवतात म्हणे. मडमसाहेबांनी हे आधी सांगायला हवे होते.

ता. ६ एप्रिल, अकोला. दुपार.

नात झाली. दोघी बऱ्या. खोकला राहिला नाही.

विहीणबाईंच्या मोरीपाशी अळू कमरेइतके आले आहे. कोणी लावलेले नाही. खरकट्या पाण्यावर वाढते. याला बागकाम म्हणत नाहीत. जेवणात त्याचीच भाजी होती, जरा खाजरी. पुन्हा वाढायला आल्या तेव्हा मी ताट मागे ओढले नाही.

मग नात माझ्या हातात दिली. आणि लगेच परत घेतली. "हात लय गार हायेत तुमचे."

नुकताच आडावर हात धुऊन आलो होतो, म्हणून. एरवी माझे हात गार नसतात. सत्यवतीला विचारावे.