तळलेल्या माशांच्या दुकानातले दोन साक्षीदार

मी, सिरिल हॉल्टन, वय बावन्न, धंदा खासगी चौकशी, राहणार श्रीमती एडना ब्लँचर्ड यांच्या तळलेल्या माशांच्या दुकानावरची खोली, फ्रीमन स्ट्रीट, ग्रिम्सबी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी मी ते कधी केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे. आज सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही.

या ठिकाणी 'माझ्यावर कोणाचाही दबाव नाही' असे लिहितात. मला ते लिहिता येत नाही. दबाव आहे, आणि तो समोरच्या फुटपाथला लावलेल्या करड्या गाडीत हातमोजे घालून बसला आहे.

कलम एक. घर, जमीन, बायको, मुले यांपैकी मला काहीही नाही. टपाल खात्यातली शिल्लक, टाइपरायटर आणि रेडिओ श्रीमती ब्लँचर्ड यांना मिळावा. एडनाबाईंनी मला कितीतरी हिवाळे खोलीही दिली आणि रोज रात्रीचे जेवणही. त्यांच्या तेलाचा वास माझ्या कपड्यांत असा मुरला आहे की मी कोणाच्या पाळतीवर राहिलो की त्या माणसाला भूक लागते. तरी माझी तक्रार नाही. रेडिओ डाव्या बाजूला थोपटल्याशिवाय लागत नाही.

कलम दोन. माझा रेनकोट कोणालाही देऊ नये. जाळावा, आणि त्याआधी त्याचे तिसरे बटण कापून पोलिसांकडे द्यावे. हे बटण कित्येक वर्षे नव्हते. मागच्या सोमवारी मी कोट वरच ठेवून पाव आणायला गेलो होतो. परत आलो तर खोलीचे कुलूप जसेच्या तसे, कोट खुंटीवर, आणि बटण लावलेले. टाके इतके बारीक की माझ्या आईनेही घातले नसते. खुर्चीत करड्या गाडीतले ते गृहस्थ, जेराल्ड स्ट्राउड, बसले होते.

"बटण लावून टाकलं, हॉल्टनसाहेब," ते हसून म्हणाले. "तुटलेलं काही मला बघवत नाही हो."

मी जिना उतरून मागच्या अंगणात गेलो आणि ते निघून जाईपर्यंत वर आलो नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात येते.

कलम तीन. हे स्ट्राउड गेल्या महिन्यात माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले. बायको आजारी आहे, डोक्यावर परिणाम झालाय, घर सोडून गेली, बिचारीला शोधून द्या, म्हणाले. डोळ्यांत पाणीही होते. माणसे शोधणे एवढेच मला येते, तेव्हा मी तिला शोधले. तिने दार साखळीएवढेच उघडले, आणि माझा कोट पाहून तिला वाटले की मी विमावाला आहे. मी तिच्या नवऱ्याचे नाव काढले. मग तिने उजवा हात फटीतून बाहेर काढून दाखवला. दोन बोटे वाकडी जुळली होती.

"एका संध्याकाळी एक मोडतो," ती म्हणाली, "आणि मग स्वतःच पट्टी बांधतो. फार छान बांधतो. डॉक्टरसुद्धा त्याचं कौतुक करतात."

मी परत येऊन स्ट्राउडांना सांगितले की तिचा काही माग लागला नाही. या धंद्यात मी हजार थापा मारल्या असतील, पण ही एक मला नीट जमली नाही. त्यांनी पुढे होऊन माझा टाय सरळ केला.

कलम चार. तिला माझ्या मागे काहीतरी मिळावे अशी माझी फार इच्छा आहे. मिळणार नाही. मृत्युपत्र एकदा सरकारदप्तरी गेले की थोडी फी भरून ते कोणालाही वाचता येते, आणि माणसाला ज्यांची माया असते त्यांची नावे पत्त्यासकट त्यात सापडतात. पळालेली निम्मी माणसे मी अशीच शोधली आहेत. हे गुपित मी स्ट्राउडांना पहिल्याच भेटीत मोठ्या ऐटीत सांगितले होते. म्हणून या कागदात तिचे नाव नाही, गाव नाही, कोणाकडे काही निरोपही ठेवलेला नाही. एडनाबाईंना काहीही माहीत नाही. स्ट्राउडसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर तुमची फी फुकट गेली.

पण पत्ता माझ्या डोक्यात आहे, आणि मी शूर माणूस नाही. काल स्ट्राउड जिन्यात म्हणाले, "उद्या शुक्रवार. जेवण झालं की वर येतो, निवांत बसू." मी रात्रभर माझ्या बोटांकडे पाहत होतो. पहिल्या बोटाला मी टिकेन. दुसऱ्याला बहुतेक टिकेन. तिसऱ्याला सांगून टाकेन, हे मला पक्के ठाऊक आहे. मरणापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कलम पाच. सार्जंट पर्सी लीथम यांच्याशी माझे जुने वैर आहे. "काय रे हॉल्टन, आज कुणाच्या पलंगाखाली होतास?" असे ते भर दुकानात विचारतात. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचा कागद दिसला की त्यांना राहवत नाही. माझी पत्रे, माझ्या पावत्या, एकदा तर माझ्या दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचली आहे. या खोडीबद्दल माझे भिंग मी त्यांना देणार होतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असा कायदा आहे, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे. तेव्हा भिंग रद्द.

स्ट्राउडांबद्दल मी त्यांना बुधवारी सांगून पाहिले. "नवरा बायकोला शोधतोय, त्यात गुन्हा कसला?" म्हणून ते हसले. बटणाचे सांगितले तेव्हा तर एडनाबाईंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंत का? ह्याला शिंप्याची भीती वाटते!" मी तोंडाने सांगितलेले ते कधीच खरे मानत नाहीत. चोरून वाचलेले मात्र मानतात.

कलम सहा, सहीबद्दल. दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर राहून माझी सही पाहावी आणि मग आपले नाव व पत्ता लिहावा असा नियम आहे. आतला मजकूर त्यांना वाचायला देण्याची गरज नसते. सार्जंट दर शुक्रवारी दुपारी तळलेला हॅडॉक मासा खायला येतात. आत्ताच एडनाबाई वर येऊन सांगून गेल्या, "लीथम आलाय. आणि तुमचा तो सभ्य गृहस्थही बसलाय त्याच्या शेजारच्या टेबलावर. व्हिनेगरची बाटली वापरली की लेबल पुढे करून ठेवतो. मला नाही आवडत हो तो, हॉल्टन. त्याला बटाट्याच्या गरम चिप्स वाढतानाही माझे हात गार पडतात."

तर आता मी हे कागद घडी घालून खाली नेणार आहे. दोघांनाही काउंटरपाशी बोलावून साक्षीची विनंती करणार आहे. पोलिसासमोर नाही म्हणणे स्ट्राउडांना शोभणार नाही, आणि ते सगळे शोभेसे करतात. त्यांनी आपल्या हाताने खरे नाव लिहिले की या गावात ते नुसते करड्या गाडीतले गृहस्थ राहणार नाहीत. सही झाली की घडी मी सार्जंटच्या ताटाशेजारी विसरून वर येणार आहे. पुढचे सगळे त्यांच्या खोडीवर अवलंबून आहे. आज त्यांनी शहाण्यासारखे वागून कागद न वाचायचे ठरवले तर मी संपलो, आणि माझ्यामागून तीही.

आता उठतो.

स्थळ: फ्रीमन स्ट्रीट, ग्रिम्सबी. शुक्रवार, २३ ऑक्टोबर १९६४.

सही: सिरिल हॉल्टन

आम्ही दोघांनी एकत्र हजर राहून वरील सही पाहिली:

१. पर्सी लीथम, पोलीस सार्जंट, वेलहोम रोड, ग्रिम्सबी.

२. जेराल्ड स्ट्राउड, एल्म अव्हेन्यू, नॉटिंगहॅम.

(पानाच्या पाठीमागे, पेन्सिलीने, सार्जंटच्या अक्षरात)

हॉल्टन, सगळे वाचले. दोनदा. गृहस्थ म्हणतात, उशीर झाला, निघतो. मी म्हटले, बसा हो, तुमच्या चिप्स गार होतायत, आणि दुकानाच्या दाराशी खुर्ची ओढून बसलो आहे. ठाण्यावर फोन करायला एडनाला पाठवले आहे. हा कागद तिच्याच हाती वर देतो. कोटाला हात लावू नकोस, बटण तसेच राहू दे, तो पुरावा आहे. दाराला कडी लाव, आतून खुर्ची लाव, आणि मी तुला नेहमीची शिवी घालून हाक मारेपर्यंत कोणालाही उघडू नकोस.