हातानं घेतलेलं नाव

२७ एप्रिल
सुजू आली! मिलिंद ऊर्जानगरहून कामावर सुट्टी टाकून चंद्रपूरला गेला, लेकीला बहिऱ्यांच्या शाळेच्या वसतिगृहातून उचललं, दोघं दुपारी धानोऱ्याला उतरले. तिथून गाडीवर गावात. उन्हानं तोंडं रापलेली. पोरगी उंच झालीय. केस बारीक कापलेत, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. चिडले होते, पण तिनं कपाळाला कपाळ लावलं आणि चिडायचं राहून गेलं.
मग तिचे हात सुरू झाले. काय तो वेग! 'पाणी' कळलं, 'आई' कळलं. बाकी नुसती बघत बसले. वर्षभरात एवढं बोलायला लागली माझी मुलगी, आणि मीच बहिरी.

२९ एप्रिल
आमची जुनी बोली आठवून बघितली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तेव्हा आठ वर्षं आम्ही दोघींनी घरच्या घरी जमवलेली. मिलिंद म्हणजे अंगठा हनुवटीवर घासायचा, दाढी. सासूबाई म्हणजे कानाची पाळी खाली ओढायची. उद्या म्हणजे गालाखाली हात ठेवून डोळे मिटायचे आणि उघडायचे. भूक, ताप, ये, जा, कोंबडी, दुखतंय. एवढ्यावर भागत होतं. मिलिंदशीसुद्धा माझं बोलणं याच्या फार पुढे जात नाही, म्हणून कधी कमी वाटलं नाही.
आता ही शाळेतून 'काऊन' शिकून आलीय, प्रत्येक गोष्टीचं 'का'. भुवया वर, मान पुढे, एक बोट कपाळाजवळ. शेळी बांधली, काऊन? बाबा गेला, काऊन? आजी रागावली, काऊन? उत्तरं आहेत माझ्याकडे, हात नाहीत.

२ मे
सुजू मला शिकवते. माझं बोट वाकडं पडलं की धरून सरळ करते. अंगणवाडीत मी पोरांचं करते तस्संच. आज पाच खुणा शिकले, संध्याकाळपर्यंत तीन गेल्या. तिनं डोक्याला हात लावला. आगाऊ कार्टी.
सासूबाईंना हे पटत नाही. "मुकीले मुकी राहू दे न व, माकडाचे खेळ काऊन शिकते?" गावात ती मुकीच. तिच्यासमोर कुणीही काहीही बोलतं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं काय. एक शेजारच्या कौसल्याबाई तेवढ्या वेगळ्या. त्या तिच्याशी सरळ मराठीत गप्पा मारतात, तासन्‌तास, भाजी निवडत. आज म्हटलं, बाई, तिला ऐकू येत नाही. तर म्हणाल्या, "तिले नाई येत, मले तं बोलता येते ना!" सुजू त्यांच्या तोंडाकडे बघून खदखदा हसते.

५ मे
तेंदूपत्त्याची तोडणी सुरू. अंगणवाडीला सुट्टी आहे म्हणून मीही निघाले. सासूबाई, कौसल्याबाई, त्यांची सून वनिता, मी, सुजू. उजाडता उजाडता जंगलात.
नाल्याच्या रेतीत पंजाचा ठसा दिसला. ताजा. आम्ही सगळ्या एकमेकींना चिकटलो. सुजूनं तो बघितला आणि इतकी खूश झाली की काय सांगू. शाळेत चित्रात शिकलेली गोष्ट समोर! बोटं वाकवून दोन्ही गालांवरून बाहेर ओढली, पट्टे दाखवले, एकदा मला, एकदा आजीला, एकदा वनिताला. वाघ, वाघ, वाघ.
सासूबाईंनी फाडकन हातावर मारलं. जंगलात त्याचं नाव कुणी घेत नाही. 'तो' म्हणायचं. तो इकडून गेला, तो काल तिकडं होता. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं, असं समजतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही एकदा असाच दम बसला होता.
कौसल्याबाई हसल्या. "अवो, तिच्या तोंडात कुठी नाव आहे?"
वनिता म्हणाली, "हातानं घेतलं तरी घेतलंच ना."
सुजूनं मला विचारलं, काऊन? मी गालाखाली हात ठेवला, डोळे उघडले. उद्या सांगते.

६ मे
सांगितलं नाही. कसं सांगू? 'नाव' ही खूणच आमच्यात नाही. कुणाचं नाव घेतल्यानं काही होतं, न घेतल्यानं टळतं, हे कुठल्या बोटांनी दाखवायचं?
मिलिंदला फोन. तो हसला. "आपन बौद्ध आहो. आपल्यात असलं काई नाई, आईले सांग." मी म्हटलं, मग तू जंगलात गेलास की 'तो' का म्हणतोस? म्हणाला, "सवय आहे वं."
वनिताचं वाक्य डोक्यातून जात नाही. हातानं घेतलेलं नाव हे नाव असतं का? असेल तर माझी मुलगी बोलते. नसेल तर तिला मारलं कशाला? दोन्हीपैकी एक काहीतरी धरा म्हणावं.

११ मे
कौसल्याबाई गेल्या.
पानं तोडायला वाकल्या होत्या, मागून तो आला. वनिता थोड्याच अंतरावर होती. आम्ही नाल्याच्या अलीकडे. ओरडणं ऐकून सगळे धावले, मी सुजूला धरून उभी. तिला काही ऐकू आलं नाही, फक्त माझं तोंड दिसलं.
लिहवत नाही.

१३ मे
त्यांच्या घरी बसायला गेले. वनिता रडून रडून कोरडी पडली होती. मला बघितलं आणि उठून बसली. "तुया पोरीनं बलावलं त्याले. मीनं पाह्यलं, तिनदा बलावलं."
दहा-बारा बाया होत्या, एकीनंही तिला अडवलं नाही. सासूबाई जमिनीकडे बघत.
मी म्हटलं, ती मुकी आहे म्हणता ना सगळे?
"मुकी नाई तुयी पोट्टी. बोलते ते."
नऊ वर्षं वाट बघितली मी, गावातल्या कुणीतरी हे म्हणावं म्हणून.

१४ मे
वनिताचा राग येत नाही. यायला हवा, येत नाही. माझ्या घरचं कुणी असं गेलं असतं तर मलाही कुणीतरी लागलंच असतं.
पण सुजू. हापशीवर तिनं हात उचलला, नुसतं 'पाणी' म्हणायला, तर दोन बाया पाठ करून उभ्या राहिल्या. एकीनं कडेवरच्या लेकराचे डोळे झाकले. सासूबाई तर दिवसभर तिची दोन्ही मनगटं धरून बसल्या. मारलं नाही, रागावल्या नाहीत, नुसती धरून. वर मायेनं डोक्यावरून हात फिरवतात.
पोरगी खुळी नाही. तिनं जंगल बघितलं, मेलेली कौसल्याकाकी बघितली, वनिताचं बोट स्वतःकडे आलेलं बघितलं. संध्याकाळी ओट्यावर बसली, हात मांडीखाली घालून. जेवायला काढले, जेवली, परत मांडीखाली.

१६ मे
वनखात्याची जीप आली. वर भोंगा. "वाघाचा वावर आहे, एकट्यानं जंगलात जाऊ नका, वाघ दिसल्यास कळवा." वाघ, वाघ, वाघ, गावभर, चार चकरा. कुणाच्या कपाळावर आठी नाही. पोरं मागं धावली.
मला मोठमोठ्यानं हसावंसं वाटलं. नंतर रडले, न्हाणीत जाऊन.

१८ मे
आज ठरवलं होतं. दार लावलं, तिला समोर बसवलं. सांगायचं होतं एवढंच की काकीला त्यानं नेलं, तू नाही नेलं, तुझे हात चांगले आहेत.
काकी: पदर खोचायची खूण. कळली, डोळे भरले तिचे. पुढे तो. त्याला आमची घरची खूण नाही, आम्ही कधी केलीच नव्हती. तिचीच करायला हवी, गालावरून बोटं ओढायची. हात गालापर्यंत नेले.
आणि थांबले.
घरात, दार लावून, भर दुपारी. बारावी पास बाई मी, अंगणवाडीत रोज पोरांकडून त्याचंच गाणं म्हणून घेते, डरकाळीसकट. माझी बोटं वाकेनात. सुजू माझ्या हातांकडे बघत होती. तिला सगळं कळलं, जे मला सांगायचं नव्हतं ते.
मागची पानं चाळली. अकरा तारखेनंतर मीसुद्धा इथे 'तो'च लिहितेय. भोंग्याचे शब्द तेवढे तसेच उतरलेत.

२० मे
मिलिंद आला, एका दिवसासाठी. आल्या आल्या आईशी भांडण. "पोरीचे हात धरून बसशीन काय जनमभर?" सासूबाई म्हणाल्या, "मी तिचे हात नाई धरून राह्यलो रे. तिले कोनी काई म्हनू नये म्हनून धरून राह्यलो."
मग मिलिंदनं अंगणात सुजूला समोर उभं केलं आणि स्वतः वाघाची खूण केली. मोठ्ठी. गालावरून बोटं, एकदा, दोनदा, वर डरकाळी, नाचला. सगळ्यांना दिसेल असा. शेजारच्या दारातून दोघी बघत होत्या. त्याला वाटलं पोरगी हसेल.
सुजू पांढरी पडली. धावली, त्याचे दोन्ही हात पकडले, खाली दाबले, त्यांच्यावर अंग टाकून बसली. सोडेचना. त्याला संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यानं गाडीवर जायचं होतं, हे तिला माहीत आहे.
तो निघाला तेव्हा लांबपर्यंत बघत राहिली. मिलिंद पोचल्याचा फोन आला. तिला अंगठा हनुवटीवर घासून, मान हलवून सांगितलं, पोचला. तिनं मान हलवली. हात नाही.

२३ मे
गावातल्या शाळेवरच्या टेकाडावर रेंज मिळते. सुजूच्या शाळेतल्या बाईंना व्हिडिओ कॉल केला. आधी मी सगळं सांगितलं. मराठीत, भराभरा, किती सोपं जातं! बाई ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, "अगं पण ताई, यात तिचा काय संबंध?" त्यांना कसं सांगू? इथून चंद्रपूर किती लांब आहे ते आजच कळलं.
मग फोन सुजूसमोर धरला. बाईंचे हात चालू. काय सुंदर बोलतात त्या. सुजूनं एकदा बघितलं, मग खाली मातीकडे. "सुजाता," बाई तोंडानंही म्हणत होत्या, सवयीनं.
शेवटी बाईंनी मला खूण शिकवली. 'तुझी चूक नाही.' तीन हालचाली. मी टेकाडावरच पाठ केली, येताना रस्ताभर करत आले. बघणाऱ्यांनी बघितलं, बघू देत.

२४ मे
सकाळी तिच्यासमोर बसून केली. तुझी चूक नाही. नीट केली, एकही बोट वाकडं नव्हतं. तिच्या डोळ्यात काहीतरी हललं, कळलं असावं.
आणि तिनं डोळे मिटले.
बहिऱ्या मुलीनं डोळे मिटले की संपलं. हाक नाही, दार वाजवणं नाही, काही नाही. खांदा हलवला तर डोळे जास्त घट्ट. मी तिच्यासमोर किती वेळ हात हलवत बसले कोण जाणे.

२७ मे
शाळा उघडायला वेळ आहे. मिलिंद फोनवर म्हणतो आत्ताच नेऊन सोडू, तिच्यासारख्या पोरांत गेली की बोलेल. सासूबाई म्हणतात कशाला न्यायची, इथी गप बसून राहीन तं कोनी काई म्हननार नाई. दोघंही तिच्या भल्याचंच बोलतात. मला विचारलं, तू काय म्हणते.
तिकडे जाऊनही बोलली नाही तर?
आता 'काऊन' पण विचारत नाही. तो प्रश्न किती छळायचा मला.

३० मे
दुपार. झाडाखाली खाटेवर सुजू झोपलेली. मी बाजूला तांदूळ निवडत होते. बघते तर तिचे हात हलताहेत.
झोपेत. छातीवर, हळूहळू, मग भराभर. बोटं उघडत होती, मिटत होती, मधे एक हात थांबायचा आणि दुसरा उत्तर दिल्यासारखा पुढे यायचा. ओठांवर हसू. कुणाशी तरी मनसोक्त चाललेलं. किती दिवसांनी! सूप हातातच राहिलं. एकही खूण ओळखता आली नाही. आमची जुनी नाही, तिनं शिकवलेल्यांपैकी नाही.
सासूबाई मागं येऊन उभ्या राहिलेल्या कळलं नाही. मला वाटलं आता धरतील मनगटं. मी आडवा हात घालायच्या बेतात. त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या.
"का बोलून राह्यली व ते?"
"माहीत नाही, आई."
"तू तिची माय ना व?"
दोघी बघत बसलो, काहीच न कळता.
मग सुजू जागी झाली. आम्हाला बघितलं, मला, आजीला. स्वतःच्या हातांकडे बघितलं. आणि दोन्ही उचलून पाठीखाली घातले.