डाव्या खांद्यावरचा झेल

ग्रीनव्हिल, सोमवार

प्रिय आई,

हे पत्र तुमच्या बोटीवरच्या टेरिलच्या हाती देतेय. मेम्फिसला बोटीवरची माणसं बदलतील तेव्हा तो चढेल आणि सामान ठेवायच्या आधी बोटीवरच्या तुझ्या स्वयंपाकघरात डोकावेल, तुला ठाऊकच आहे. त्याला आधी खायला घाल, शेगडी बंद कर आणि मगच हे वाचायला बस. शनिवारी फोनवर तुला नुसतं बातमीचं शेपूट मिळालं. "लव्हेलला घेतलं" एवढं तू ऐकलंस आणि नदीच्या वळणावर लाइन गेली. पुढचा अख्खा दिवस मी तुला फोन लावत होते आणि तू बहुधा मला. पण एका अर्थी बरं झालं. फोनवर हे सगळं सांगता आलंच नसतं, आणि मला तर ते कोणाला तरी सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

नाताळात तो चकचकीत बुटांचा एजंट आपल्या घरी जेवला होता, आठवतं? तुझी तिसरी माशाची तुकडी संपवत म्हणाला होता, की लव्हेलच्या पायांबद्दल कोणाला शंका नाही, शंका आहे ती हातांबद्दल. तू ताट उचलत विचारलंस, "माझ्या पोराच्या हातांना काय धाड भरलीय?" तो हसला, पण त्याचं खरं होतं. आपल्या कॉलेजचा फुटबॉलच तसा, आपला अमेरिकन, हातानं खेळायचा. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकनं लव्हेलच्या पोटात चेंडू कोंबायचा आणि त्यानं माणसं तुडवत निघायचं. चार वर्षं त्यानं तेच केलं, आणि काय केलं! पण हवेतून चेंडू त्याच्याकडे कोणी फेकलाच नाही. आणि वरच्या, पैसे देऊन खेळवणाऱ्या संघांना हल्ली नुसता रेडा नको असतो. क्वार्टरबॅक कोंडीत सापडला की बाजूला सरकून चेंडू झेलणारा, मैदान उघडं दिसलं की कडेकडेनं सुसाट जाऊन खांद्यावरून येणारा चेंडू पकडणारा रनिंग बॅक त्यांना हवा असतो. लव्हेलला झेलता येतं की नाही हे दाखवणारं चित्रणच कुणाकडे नव्हतं. ज्याला पाहिलंच नाही त्याच्यावर एप्रिलमध्ये हे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा कोण डाव लावणार?

म्हणून मार्चमधला तो चाचणीचा दिवस महत्त्वाचा होता. तू तेव्हा बोटीवर, केरो गावाच्या वर कुठेतरी होतीस. सकाळी बऱ्याच संघांचे पारखी आले होते, सगळ्यांच्या गळ्यात घड्याळं, सगळ्यांच्या टोप्या डोळ्यांवर. लव्हेल पळाला, त्यानं उड्या मारल्या, वजनं उचलली. मी शाळेतून अर्धी रजा टाकून दुपारच्या जेवणासाठी मक्याच्या पानांत उकडलेल्या टमालींचा डबा घेऊन पोचले, तर पर्व्हिसमामा पायऱ्यांवर तोंड पाडून बसलेला. म्हणाला, चेंडू फेकायला जो पोरगा यायचा होता त्याचा अंगठा सुजलाय. कोच टिलरींनी स्वतः फेकायचा प्रयत्न केला, पण त्यांचा खांदा तुला माहीतच आहे. एक चेंडू जमिनीवर, एक कुंपणापलीकडे. पारखी एकेक करून गाड्यांकडे चालू लागले. त्यांना संध्याकाळपर्यंत अलाबामात पोचायचं होतं.

एकटा मागे राहिला तो ऑरिन हॅस्केल नावाचा म्हातारा. तू ज्यांना बर्फवाले म्हणतेस ना, त्या उत्तरेकडच्या संघाचा. उंच, वाकलेला, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला कर भरावा लागतो. त्यानं कोचला विचारलं, "हात बघितल्याशिवाय मी कसा जाऊ?" आणि मामानं पायऱ्यांवरूनच आवाज दिला, "नेटाला सांगा की. ती त्याला तो रांगायचा तेव्हापासून फेकतेय." कोच हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. हॅस्केलनं माझ्या शाळेच्या ट्रॅकसूटकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, किती लांब फेकतेस? मी म्हटलं, तो धावेल तितकं. मग मला स्वतःचाच राग आला, कारण हे मोठ्या तोंडाचं बोलणं मी तुझ्याकडूनच उचललंय.

आई, मी कॉलेजात मुलींच्या संघात चेंडू फेकला, आता शाळेतल्या पोरींना शिकवते, पण त्या दिवशी पहिला चेंडू हातात घेतला तेव्हा तो दोनदा ट्रॅकसूटला पुसून घेतला. वारा कापसाच्या शेतांवरून आडवा येत होता. सोप्यापासून सुरुवात केली. लव्हेल बाजूला सरकायचा आणि मी त्याच्या छातीसमोर द्यायचे. मग कमरेखाली, मग डोक्यावर, मग मुद्दाम त्याच्या मागे. तो झेलत होता, आणि झेलून वळताना अंग असं मुरडायचा की मामा पायऱ्यांवरून शीळ घालायचा. हॅस्केल काय करत होता सांगू? पाठ फिरवून उभा! मला वाटलं याला रस नाही. नंतर कळलं की तो ऐकत होता. चेंडू तळव्यांत येतो तेव्हा आवाज मऊ येतो, छातीवर आदळून धरला की धप्प होतो. लव्हेलचे सगळे मऊ होते.

मग तो माझ्याजवळ आला आणि लव्हेलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आतापर्यंत त्याला आवडतं ते दिलंस. आता त्याला जे आवडत नाही ते दे."

मला एका क्षणात कळलं काय द्यायला हवं ते. तुलाही कळलं असेल. डावीकडच्या कडेनं सरळ पळायचं आणि मागून येणारा चेंडू डाव्या खांद्यावरून बघत घ्यायचा. हे लव्हेलला कधीच आलं नाही. आपल्या गल्लीत आम्ही खेळायचो तेव्हा डाव्या अंगाला ती चरी होती, सापांनी भरलेली, आणि एकदा तो तिच्यात पडला तेव्हा तू चपलेशिवाय धावत आली होतीस. तेव्हापासून डावीकडे पळताना त्याची नजर आधी खाली जाते, मग वर. तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असतो. हे त्या मैदानावर दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला दुसरा चेंडू आणून देण्याच्या निमित्तानं माझ्याजवळ आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "नेटा, जरा आत टाक." आत टाकला असता तर त्याला उजव्या खांद्यावरून मिळाला असता. हातभराचा फरक. वारा होताच, वाऱ्यावर ढकलता आलं असतं. आई, मी खोटं सांगत नाही, माझ्या हातानं तो चेंडू आत टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण मग वाटलं, आज मी आत टाकेन, आणि सप्टेंबरमध्ये खऱ्या सामन्यात कोण टाकेल? तिथे पैसे घेऊन फेकणारा माणूस त्याची बहीण नसेल. सगळ्या देशासमोर त्याच्या हातून तो सुटेल आणि दुसऱ्या दिवशी त्याची बॅग दाराबाहेर असेल.

मी बाहेरच टाकला. जिथे टाकायला हवा तिथेच. त्याच्या बोटांना लागून तो गवतात गेला. दुसरा तर त्याला दिसलाच नाही, खांद्यावर आपटला. लव्हेल परत आला तेव्हा त्याचे डोळे मी कधी पाहिले नव्हते असे होते. म्हणाला, "तू कोणाच्या बाजूची आहेस?" मी म्हटलं, "इथे चरी नाहीये, लव्हेल. खाली बघू नकोस." त्यानं चेंडू माझ्या पोटात कोंबला आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला. पुढचाही सुटला, पण या वेळी मान वर होती. मी पाहिलं. हॅस्केलनंही पाहिलं, कारण आता तो पाठ फिरवून उभा नव्हता. त्यानंतरचा लव्हेलनं एका हातानं छातीशी ओढला आणि तसाच पाण्याच्या पिंपावर जाऊन कोसळला. पिंप आडवं, लव्हेल भिजलेला, चेंडू हातात. मामा पायऱ्या उतरून मैदानात आला तो थेट गुडघ्यावरच बसला. मग आम्ही थांबलोच नाही. माझा खांदा पेटला होता. तो सोडत होता, झेलत होता, पुन्हा सोडत होता, आणि शेवटी शेवटी झेललेले जास्त व्हायला लागले. कोचनी थांबवलं नसतं तर दिवे लागेपर्यंत चाललं असतं.

हॅस्केल जाताना लव्हेलला म्हणाला, डाव्या खांद्यावरून तुला अजून येत नाही. लव्हेल म्हणाला, "हो साहेब, माहीत आहे." म्हातारा म्हणाला, "येईल. सोडल्यावर तू रुसत नाहीस." माझ्याकडे बघून त्यानं फक्त टोपीला हात लावला आणि माझ्या डब्यातल्या टमाली मागून घेऊन गेला.

रुसत नाही म्हणे! गाडीत लव्हेल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माशांच्या खाणावळीत बसल्यावर आपला पावाचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला, तेव्हा मला कळलं की संपलं. पण खरी गंमत पुढे आहे. कॉलेज त्या चाचणीचं चित्रण सगळ्या संघांना पाठवतं. एजंटचा फोन आला की सुटलेले काढून टाकू, सुरुवातीचे गोड गोड तेवढे ठेवू, सगळेच तसं करतात. मी भांडी घासत होते आणि ऐकत होते. लव्हेल म्हणाला, "अख्खं पाठवा." एजंट बराच वेळ समजावत राहिला. लव्हेलनं पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवून मला म्हणाला, बघतेस काय, चेंडू घे आणि चल. त्या दिवसापासून निवडीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आम्ही बंधाऱ्याच्या पायथ्याशी रोज डाव्या खांद्यावरचेच खेळलो. शेजारच्या मिस क्लॉथिल्डा खुर्ची टाकून बसायच्या आणि सुटला की जिभेनं च्यक करायच्या. परवा परवा त्यांचं च्यक बंद झालं होतं.

शनिवारी घर तुडुंब भरलं होतं. तुझी खुर्ची मी कोणाला दिली नाही, तिच्यावर केक ठेवला. चौथी फेरी गेली, मामानं टीव्हीला शिव्या घातल्या, पाद्रीबाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पाचव्या फेरीत लव्हेलचा फोन वाजला आणि नंबर बर्फवाल्यांचा नव्हता! ॲरिझोनाचा, वाळवंटातला. लव्हेल उभा राहिला, "हो साहेब, हो साहेब" म्हणत अंगणात गेला आणि आम्ही सगळे दारात एकमेकांवर रेलून उभे. पलीकडच्या कोचनं त्याला काय सांगितलं माहीत आहे? की आम्ही दुसऱ्या रनिंग बॅकांची चित्रणं पाहिली, सगळी गुळगुळीत, कोणाच्या हातून काही सुटतच नव्हतं, म्हणून काही कळतही नव्हतं. तुझ्या हातून सुटताना पाहिलं, मग तुला ते शिकताना पाहिलं. आम्हाला तो दुसरा भाग आवडला. हे ऐकून लव्हेल मिस क्लॉथिल्डांच्या गुलाबांत मटकन बसला. काटे काढायला नंतर बराच वेळ लागला, पण त्याला काही जाणवतच नव्हतं. तुझा पोरगा रडत होता आई, आणि हसत होता, आणि मामा त्याच्या डोक्यावर सरबत ओतत होता.

आता तू दोनदा विचारलेलं शाळेचं. हेडमास्तरीणबाईंनी पुढच्या वर्षाच्या नोकरीचा कागद सहीसाठी ठेवलाय आणि मी अजून सही केलेली नाही. गुडघ्यांमुळे शरद ऋतूत तू बोट सोडणार, आपण दोघी या घरात राहणार, मी शाळेत जाईन, तू मागे भाजी लावशील, हे आपलं ठरलेलं. पण शनिवारी माणसं पांगत होती तेव्हा माझा फोन वाजला. हॅस्केल होता. निवडीत त्यांच्या संघाची पाळी ॲरिझोनाच्या पाठोपाठच होती, आणि लव्हेल हातून गेल्याबद्दल तो इतक्या सभ्य शब्दांत चरफडत होता की मला हसू आलं. मग म्हणाला, "भाऊ गेला. तू तरी ये." आई, मला वाटलं थट्टा करतोय. त्यांना चाचण्यांमध्ये चेंडू फेकणारं आणि सोबत पारखणारं माणूस हवंय, गावोगाव त्याच्याबरोबर फिरणारं. त्यानं मला सांगितलं, फेकणारे खूप मिळतात, पण आपल्याच माणसाला त्याला न आवडणारा चेंडू देणारं मला आजवर कोणी मिळालं नाही. मी हो म्हटलं. विचार करून सांगते असंही म्हटलं नाही, सरळ हो. जूनमध्ये जायचंय. मामा तुझ्याबरोबर राहायला तयार आहे, पण तो उपाय नाही हे मला कळतं. तू माझ्याबरोबर उत्तरेला येशील का, हेही विचारायचंय, बर्फासकट. हे सगळं मी कागदावर लिहिलं, कारण फोनवर तू गप्प झाली असतीस आणि तुझं ते गप्प होणं ऐकून मी शब्द मागे घेतला असता. म्हणून लगेच फोन करू नकोस. जेवणं आटोपू दे, बोटीच्या गच्चीवर जाऊन नदीकडे बघत बस, हवं तेवढं रागाव. आणि मग मला लिही.

तुझीच,
नेटा